अष्टमीची साफसफाई

अष्टमीच्या दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी एक सेटिंग बदललं आणि खिदिरपूरच्या एका यार्डातल्या सगळ्या थंड कंटेनरांचा मागचा इतिहास घालवला. कुणी सांगितलं नव्हतं. उलट, ज्यांना विचारलं त्यांनी नको म्हणून बजावलं होतं. मग मी चहा घेतला.

या अंकाच्या संपादकबाईंनी पत्रात लिहिलं होतं, ‘नोकरीतला एखादा संस्मरणीय प्रसंग पाठवा, शक्यतो यशाचा.’ शक्य झालं नाही, क्षमस्व. कोलकात्यात एकोणतीस वर्षं काढली. त्यात यशंही आली असतील, पण ती कुणी काढत नाही. अष्टमी मात्र अजून निघते.

आधी धंदा काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो असंच वाटतं. आमची कंपनी लहान, एस्प्लनेडला तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी जाळीच्या लिफ्टची. आम्ही खिदिरपूरच्या गोदीजवळच्या यार्डांना कंटेनरांची खबर पुरवायचो. कोळंबी, मासळी असला गोठवलेला माल ज्यात जातो त्या कंटेनरांना तिथं रीफर म्हणतात. रीफर म्हणजे चाळीस फुटी फ्रीज. यार्डात आला की त्याचा प्लग लावायचा आणि आतलं तापमान उणे अठरा राखायचं. प्रत्येक रीफरवरचं यंत्र दर पाच मिनिटांनी आम्हाला निरोप पाठवायचं : मी अमुक नंबर, आत इतके अंश, वीज चालू किंवा बंद.

हे निरोप एका न संपणाऱ्या वहीत जातात. तिला लॉग म्हणतात. नियम एकच, नवी ओळ शेवटी लिहायची, मधली खोडायची नाही. वही लांबत गेली की तिचे तुकडे पाडतात. एक तुकडा भरला की तो बंद करून फडताळात ठेवायचा आणि नवा उघडायचा. आमच्याकडे साधारण तीन दिवसांत एक तुकडा भरायचा.

आता फडताळ काही अमर्याद नसतं, त्यामुळे जुनं काढावं लागतं. त्याच्या दोन रीती. पहिली वयाची : महिन्यापेक्षा जुना तुकडा सरळ फेकायचा. दुसरीला कॉम्पॅक्शन म्हणतात. तीत प्रत्येक नावाची फक्त शेवटची ओळ ठेवायची आणि मागच्या सगळ्या काढायच्या. ही रीत पत्त्यांसाठी झकास. माणूस चार घरं बदलला तरी पत्र शेवटच्याच घरी धाडायचं असतं. पण आजारी माणसाच्या तापाच्या तक्त्याला ती लावून बघा. चार दिवसांचा ताप गेला, उरली एकच ओळ : ‘आत्ता १०३.’ चढला कधी, उतरला कधी, औषध लागू पडलं का, कशाचाच पत्ता नाही.

रीफरची वही हा तापाचा तक्ता होता. मी तिला पत्त्याची रीत लावली.

एखाद्या नावाची शेवटची ओळसुद्धा नको असेल, तर त्या नावानं एक कोरा निरोप पाठवायचा. सफाई करणारा प्रोग्राम तो कोरेपणा बघतो, मागचं सगळं काढतो आणि काही काळानं तो कोरा निरोपही काढतो. धंद्यात याला थडगं म्हणतात. एक कोळंबीवाले गृहस्थ मागं लागले होते की, त्यांचा एक वाया गेलेला कंटेनर यादीत दिसतो, अपशकुन होतो, काढून टाका. मी थडगं धाडलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, ‘काढला ना? मग काढल्याचं काहीतरी यादीत दिसू दे!’ तेव्हा मी त्यांना खूप हसलो होतो. पुढं काढल्याचं लेखी द्यायची पाळी माझ्यावरच आली, तेव्हा ते हसू महागात पडलं.

तर दुर्गापूजेची अष्टमी. कोलकात्यात नोकरी केलेल्या मराठी माणसाला पूजा ड्यूटी सांगायला नको. पूजेच्या दिवसांत ऑफिसात बसायला बिगरबंगाली माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो मीच होतो. पहिल्या वर्षी सोमनाथदा मोठ्या उदारपणानं म्हणाले होते, “पूजा तू सांभाळ, तुमच्या दिवाळीला आम्ही बसू.” मी कृतज्ञ झालो. दिवाळी आली तेव्हा कळलं की लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच इथं कालीपूजा असते. दिवाळीलाही मीच बसलो.

सोमनाथ भट्टाचार्य, म्हणजे सोमनाथदा, माझे वरिष्ठ. आमच्यात एकच भांडण होतं, पण ते एकोणतीस वर्षं पुरलं. मी टाकणारा, ते ठेवणारे. मी मिरजेचा. घट बसायच्या आधी घरातली प्रत्येक वस्तू धुवायची नाहीतर फेकायची, हे आईनं आमच्या अंगी मुरवलेलं. माझी बायको मेधा तर मला तिची पर्स हाताळू देत नाही. सोमनाथदांच्या टेबलात शाळेतल्या फूटपट्टीपासून बंद पडलेल्या पेनांपर्यंत सगळं. टेबलाखाली एक जुना कॉम्प्युटर घरघरत असायचा. आमच्या वहीत जी ओळ येईल तिची नक्कल तो आपल्याकडे उतरवून ठेवायचा. का? “लागली तर?” मी त्यांना लेखी पत्र दिलं होतं की हे यंत्र अनावश्यक असून हलवण्यात यावं. त्यांनी पत्र फाइलला लावलं आणि यंत्रावर टेबलक्लॉथ टाकला.

अष्टमीला सकाळी अकरा वाजता मी रिकाम्या ऑफिसात फेरी मारली. टेबलक्लॉथखाली दिवा लुकलुकत होता. मालक गावाला आणि वीज जळते आहे! मी स्विच बंद केला. अगदी पुण्याचं काम केल्यासारखं वाटलं.

साडेअकराला इशारा आला, डिस्क भरत आली. मी सोमनाथदांना फोन लावला. पलीकडं ढाक म्हणजे तिथले मोठे ढोल, शंख आणि मंत्र सांगणाऱ्या पुरोहितांचा लाऊडस्पीकर. अंजली, म्हणजे अष्टमीची पुष्पांजली, चालली होती.

“सोमनाथदा, डिस्क भरली.”

“किती?”

“ब्याण्णव टक्के.”

“मग आठ टक्के आहे की! दशमीपर्यंत पुरेल. हात लावू नकोस.”

“पण मी म्हणतो, कॉम्पॅक्शन लावलं तर...”

“करंदीकर, माझ्या हातात फुलं आहेत. तुझ्या हातात काय आहे?”

“माउस.”

“तो खाली ठेव.”

मी ठेवला. अर्धा तास नुसता बसलो. मग बारा वाजून दहा मिनिटांनी उचलला. जागा धाडकन मोकळी झाली, ब्याण्णवची एकतीस. एवढी स्वच्छ डिस्क मी जन्मात पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरून हळदकुंकू आणि झेंडू घेऊन गेलो आणि ऑफिसच्या यंत्रांची पूजा केली. माउसलाही फूल वाहिलं. त्याच वेळी काय घडत होतं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पुढं येईलच.

द्वादशीला ऑफिस उघडलं. सकाळी दहाला मिठ्या मारणं, ‘शुभो बिजोया’ म्हणणं आणि संदेशची मिठाई वाटणं चाललं होतं, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात घडी केलेला कागद आणि मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली शाळकरी वही. तो नसीम अली. यार्डात रीफरचे प्लग लावण्या-काढण्याचं आणि तापमान बघण्याचं काम करायचा, बारा वर्षं.

कागद आमच्याच स्क्रीनचा छापा होता. एका कंटेनरपुढं एकच ओळ : अधिक चार अंश, वीज बंद.

“साहेब, हा कंटेनर मी सप्तमीला दुपारी बारा वाजता लावला,” नसीमभाई म्हणाले. (बोलणं हिंदीत झालं. सोमनाथदांचं आणि माझं हिंदी-बंगालीच्या खिचडीत व्हायचं. सगळं मराठीत देतो आहे.) “एकादशीला उघडला तर कोळंबी वितळलेली. सुपरवायझर दत्ताबाबू म्हणतात, मी प्लग लावलाच नाही, सणाला गावभर फिरत होतो. म्हणतात, कंपनीचं मशीनच सांगतंय वीज बंद. कालपासून मला गेटच्या आत घेत नाहीत. तुमच्या मशीनकडं आधीचं असेल ना? तेवढं द्या. उद्या मालक निकाल देणार आहेत.”

मी स्क्रीन उघडून बघितली. त्या नंबरापुढं एकच ओळ होती. बाकी सगळ्या नंबरांपुढंही एकेकच.

आता पुढचं लिहायला जड जातं. मी ‘बघतो’ म्हणालो, नसीमभाईंना बाकावर बसवलं, चहा मागवला आणि आत जाऊन यार्डासाठी पत्राचा मसुदा केला : ‘सदर कंटेनरच्या यापूर्वीच्या नोंदी यंत्रणेत उपलब्ध नाहीत.’ काय वाक्य होतं! त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कर्ताच नव्हता, तर दोष कुणाला देणार? सही करायला सोमनाथदांपुढं ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग तोंडातला संदेश संपवला.

“उपलब्ध नाहीत की तू ठेवल्या नाहीस?”

मी मसुदा परत माझ्याकडं ओढला.

“अष्टमीला?”

“हो.”

“मी फुलं वाहत असताना?”

“नाही, त्यानंतर.”

“वा! निदान माझी फुलं देवीपर्यंत जाऊ दिलीस.”

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि माझ्या यंत्रापुढं बसले. मी त्यांच्या मागून हात पुढं करून म्हणालो, “मी सेटिंग परत पहिल्यासारखं...” त्यांनी माझं मनगट धरलं.

“त्या खुर्चीवर बस. दोन्ही हात मांडीखाली घे.”

“सोमनाथदा, मी काय लहान...”

“मांडीखाली!”

मी घेतले. पंचावन्न वर्षांचा माणूस, वीस वर्षं या यंत्रणेचा जाणकार म्हणून मिरवलेला, स्वतःच्या हातांवर बसलो. दाराच्या काचेतून नसीमभाई बघत होते. त्यांना वाटलं असेल, इथं असंच काम करतात.

सोमनाथदा पडद्यावर बोट ठेवून सांगू लागले. सफाईवाला प्रोग्राम फक्त बंद झालेल्या तुकड्यांना हात लावतो. जो तुकडा उघडा आहे, ज्यात अजून ओळी पडताहेत, त्याला तो शिवत नाही; स्क्रीन मात्र त्या सेटिंगमुळं प्रत्येक नंबराची शेवटचीच ओळ दाखवते. मी सेटिंग बदललं तेव्हा सप्तमीच्या ओळी उघड्या तुकड्यातच होत्या, सुरक्षित. तो तुकडा भरून बंद झाला नवमीला सकाळी अकराला, आणि सफाईवाल्यानं लगेच साफ केला.

“म्हणजे अष्टमीला संध्याकाळी जरी मला फोन केला असतास, तरी सगळं वाचलं असतं,” ते म्हणाले. “नवमीला अकरा वाजता तू काय करत होतास?”

“यंत्रांची पूजा.”

सोमनाथदांनी डोळे मिटले. ते भाविक आहेत. देवाधर्माला हसत नाहीत. पण खांदे हलत होते.

“आणि आत्ता उघडा आहे तो तुकडा?” मी विचारलं.

“नवमीला अकराला उघडला. तीन दिवसांत भरतो म्हणतोस ना?” त्यांनी घड्याळाकडं बघितलं. पावणेअकरा.

तुकडा भरला की बंद होणार, बंद झाला की सफाईवाला येणार, आणि नसीमभाईंचे उरलेले तीन दिवसही जाणार. सोमनाथदांनी आधी सफाई थांबवली, मग उघड्या तुकड्याची नक्कल काढली, मग ती नक्कल दुसरीकडं ठेवली, मग आणखी तिसरीकडं. एरवी त्यांच्या या सावकाशीवर मी व्याख्यान दिलं असतं. तेव्हा मी फक्त हातांना मुंग्या येताहेत हे अनुभवत होतो.

“आणि आता माझं अनावश्यक यंत्र,” ते टेबलाखाली वाकून म्हणाले. टेबलक्लॉथ बाजूला केला. “हे बंद कसं?”

मी स्विचकडं बघितलं. त्यांना ते कळलं.

यंत्र सुरू केलं. त्यात सप्तमीची दुपार होती, संध्याकाळ होती आणि अष्टमीच्या सकाळी अकरापर्यंतची प्रत्येक ओळ होती. त्यापुढं कोरं. सुरू होताच बिचाऱ्यानं मुख्य वहीकडं पुढच्या ओळी मागितल्या, पण त्या मी आधीच पुसल्या होत्या.

म्हणजे असं झालं : सप्तमी ते अष्टमी अकरा आहे, नवमी अकरापासून पुढं आहे, मधले चोवीस तास गायब. ते माझे.

पण जे होतं त्यातच गोष्ट दिसत होती. सप्तमीला दुपारी बाराला वीज चालू, तापमान खाली उणे अठरापर्यंत. संध्याकाळी सहाला वीज बंद. पहाटे चारला पुन्हा चालू. नवमीला तेच : सहाला बंद, चारला चालू. दशमीला सहाला बंद, आणि मग चालू झालीच नाही. न लावलेला प्लग रोज पहाटे आपण होऊन लागत नाही.

सोमनाथदांनी नसीमभाईंना आत बोलावलं. “संध्याकाळी सहा ते पहाटे चार तिथं काय असतं?”

नसीमभाईंनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, “सोमनाथबाबू, तुम्हीच सांगा, पूजेत संध्याकाळी सहाला काय असतं?”

दिवे. मंडपाचे दिवे. यार्डाच्या गेटशी कामगारांची पूजा होती, आणि तिच्या रोषणाईला रीफरच्या पॅनेलवरून वायर ओढली होती. दशमीला मूर्ती विसर्जनाला गेली, तिच्यामागं सगळे गेले, आणि परत कुणी प्लग लावला नाही. पूजेचे सेक्रेटरी दत्ताबाबू.

“माझी ड्यूटी दिवसाची. संध्याकाळची फेरी दत्ताबाबूंनी सणाची म्हणून रद्द केली होती. रोज सकाळी बघायचो तर वीज चालू, पण आकडा वर. मी त्यांना सांगितलंही. म्हणाले, पूजेनंतर बघू.” नसीमभाईंनी ती शाळकरी वही उघडली. प्रत्येक फेरीची वेळ, प्रत्येक फेरीचा आकडा, निळ्या पेनानं. अष्टमीची दुपारही होती, नवमीची सकाळही. “ही दत्ताबाबूंना दाखवली. म्हणाले, घरी बसून लिहिली असशील.”

आम्ही वही आणि यंत्र शेजारी ठेवलं. सप्तमी दुपारी चार, वही उणे सतरा, यंत्र उणे सतरा. अष्टमी सकाळी आठ, वही उणे तेरा, यंत्र उणे तेरा. दशमी दुपार, तेच. माझ्या भोकाच्या दोन्ही काठांवर वही यंत्राशी जुळत होती. आणि भोकात फक्त वही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं यार्डात गेलो. मालक, दत्ताबाबू आणि मोठा पंखा असलेली खोली. दत्ताबाबू कागद बघून लगेच म्हणाले, “आणि मधले चोवीस तास? सोयीचे तेवढे ठेवले, बाकीचे यानं कुणालातरी धरून काढायला लावले!”

मालकांनी आमच्याकडं बघितलं. सोमनाथदा छताकडं बघत होते. माझ्या खिशात नवं पत्र होतं, कर्ता असलेलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि तोंडानंही सांगितलं, “ते मी पुसले.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मग कशासाठी?”

“जागा करायला.”

“कशाला जागा?”

खरंच, कशाला? मी म्हटलं, “सवय आहे.”

मालकांनी माझ्याकडं जसं बघितलं तसं मिरजेत आमच्या गणिताच्या मास्तरांनीही कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी वही ओढून घेतली, माझं पत्र तिच्यात खुणेसारखं घातलं आणि दत्ताबाबूंना एवढंच विचारलं, “मंडपाची लाइन कुठून घेतली होती?” दत्ताबाबू वाईट माणूस नव्हे. त्यांना वाटलं होतं, थोडा वेळ वीज घेतली तर काय बिघडतं. हेच मलाही वाटलं होतं, फक्त माझ्याकडं ढाक नव्हता.

नसीमभाई त्याच दुपारी गेटच्या आत गेले. पुढल्या वर्षीपासून मंडपाला जनरेटर आला. सोमनाथदांचं यंत्र टेबलाखालून उठून काचेच्या कपाटात गेलं आणि त्यावर पाटी लागली : ‘करंदीकर यांनी हात लावू नये.’ नवीन येणाऱ्याला ती पाटी आधी दाखवायचे, मग मला. माझी पूजा ड्यूटी मात्र कायम राहिली. फक्त त्या चार दिवसांत माझा पासवर्ड चालत नसे.

पहिला मसुदा, तो कर्ता नसलेला, मी त्याच दिवशी फाडला. नसीमभाईंना त्याबद्दल कधी सांगितलं नाही. बाकावर बसून ते आमचा चहा पीत होते आणि आत मी त्यांची बारा वर्षं एका ओळीत मिटवत होतो. तेवढं अजून खुपतं.

मागच्या वर्षी निवृत्त झालो. निरोपाला नसीमभाई आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मेधाच्या हातात मिठाई दिली आणि माझ्या हातात एक कोरी शाळकरी वही, पाठीमागं पाढे असलेली.

“साहेब, आता मोकळे आहात. आठवतं ते लिहून काढा.”

मी वही छातीशी धरली आणि म्हणालो, “नक्की लिहीन नसीमभाई. अष्टमीपासूनच सुरू करतो.”

“लिहा,” ते म्हणाले, “पण लिहून झालं की वही माझ्याकडं आणून द्या. तुमच्याकडं काही टिकत नाही.”